दोन गाड्या आणि ट्रेभर अंडी

गाडी घ्यायची म्हटलं की कुठल्याही घरात साधारण एकच नाटक रंगतं. पुरुषमंडळी 'अॅव्हरेज किती देते' विचारतात, मुलं रंगावरून भांडतात, आणि घरातली बाई मागच्या सीटवर बसून गुडघे पुढे टेकतात का ते गुपचूप बघून घेते. दोघी जावांमधल्या थोरलीने मात्र शोरूमच्या काचेच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हिच्यात अंडी ठेवली तर हलतात का हो?"

शोरूमवाला मुरलेला माणूस होता. टाय, पोट आणि हसू, तिन्ही गोष्टी त्याने वर्षानुवर्षं जपलेल्या. पण या प्रश्नाने त्याचं हसू जरा जागेवरून सरकलं. "किराणा ठेवायला डिकी भरपूर मोठी आहे, मॅडम," तो म्हणाला.

"किराणा नाही हो. अंडी. उबवायची."

त्याने मदतीसाठी तिच्या मागे उभ्या असलेल्या धाकटीकडे पाहिलं. धाकटी छताकडे बघू लागली. थोरल्या जावेबरोबर बाहेर पडलं की असं काहीतरी होणारच, हे तिला केव्हाच अंगवळणी पडलं होतं.

थोरली अंडी उबवायची. घराच्या मागच्या बाजूला, जिथे इतर लोक अडगळ ठेवतात, त्या खोलीत कपाटाएवढी दोन मशीनं अखंड घूं घूं करत असायची. आसपासचे कोंबडीपालक अंडी आणून द्यायचे आणि तीन आठवड्यांनी खोका भरून पिल्लं घेऊन जायचे. अंड्यांवर बसून राहिलेल्या, जागचं न हलणाऱ्या कोंबडीला खुडूक म्हणतात. त्यावरून गल्लीतल्या बायकांनी थोरलीचं नाव खुडूकबाई ठेवलं होतं. तिला ते कळल्यावर ती म्हणाली, "बरोबरच आहे की. फक्त खुडूक कोंबडी कुणाला चहा करून देत नाही. मला तोही करावा लागतो."

धाकटी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला त्या खोलीची थोडी भीतीच वाटली होती. अंधार, ऊब, ओलसर वास, आणि मधोमध स्टुलावर बसलेली जाऊ. मशीनला तापमानाचा काटा होता. थोरली काटा बघायची, मान डोलवायची, आणि मग एक अंडं उचलून मिटलेल्या पापणीवर टेकवायची. हात खोटं बोलतात, ती म्हणायची, हात कधी भांडी घासून आलेले, कधी गरम तव्यावरून. पापणीला दुसरं काही कामच नाही, ती खरं सांगते. एकदा तिने धाकटीला जवळ बोलावून एक अंडं दिव्यासमोर धरलं. कवचातून उजेड पाझरला आणि आत लाल रेषांचं बारीक जाळं दिसलं, आणि जाळ्याच्या मधोमध मोहरीएवढा एक ठिपका धडधडताना. धाकटी कॉलेजात शिकलेली, पुस्तकात हे सगळं चित्रासकट वाचलेली. तरी ती आणखी जवळ वाकली. तेव्हापासून ती या खोलीत शिरताना चप्पल बाहेर काढायची. तसं करायला तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तर गाडी हवी होती ती या अंड्यांपायी.

गावाबाहेर, फुटक्या रस्त्याच्या पार टोकाला, एक आजोबा राहायचे. त्यांच्याकडे करड्या पिसांवर पांढरे ठिपके असलेल्या कोंबड्यांचा एक कळप होता. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला वाण. तशा कोंबड्या थोरलीने दुसरीकडे कुठेच पाहिल्या नव्हत्या. आता आजोबांचे गुडघे गेले होते आणि महिना संपला की ते लेकीच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते. कोंबड्या व्यापारी नेणार, म्हणजे पुढचं सांगायलाच नको. त्या घरी आणाव्यात म्हटलं, तर कोंबड्या म्हाताऱ्या, आणि म्हातारी कोंबडी जागा बदलली की रुसते, अंडी द्यायची बंद होते. राहता राहिली अंडी. शेवटच्या दिवसांत मिळतील तेवढी आणायची, उबवायची, आणि वाण टिकवायचा.

पहिल्या खेपेला, म्हणजे काही महिन्यांपूर्वी, थोरलीने भाड्याची व्हॅन केली होती. अंडी फुटली नाहीत, एकालाही साधा तडा नव्हता. पण जवळजवळ अख्खा ट्रे आतून मेलेला निघाला. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची एक पोकळी असते. पिल्लू बाहेर यायच्या आधी पहिला श्वास त्या पोकळीतला घेतं. अंड्याला सतत हिसके बसले की ती पोकळी जागची सुटते आणि पाण्यातल्या बुडबुड्यासारखी आत फिरत राहते. बाहेरून अंडं कसं छान, धडधाकट. आत मात्र श्वास घ्यायला जागाच उरत नाही. त्या खेपेची मोजकी पिल्लं जगली आणि मोठी झाल्यावर सगळेच कोंबडे निघाले. कोंबड्यांवाचून नुसत्या कोंबड्यांचा वाण चालत नाही, तसाच नुसत्या कोंबड्यांवरही कुणाचा वंश चालत नाही, असं थोरली त्या दिवशी इतक्या गंभीरपणे म्हणाली की कोण नर नि कोण मादी ते समजून हसायला धाकटीला संध्याकाळ लागली.

घरची जुनी गाडी, जिच्या स्प्रिंगांमुळे अंडी मरतात अशी थोरलीची कायमची तक्रार असायची, गेल्याच वर्षी भंगारात गेली होती. त्यामुळे मोठे भाऊजी, म्हणजे थोरलीचे यजमान, महिनाभर गाड्यांची माहितीपत्रकं उशाशी घेऊन झोपत होते. त्यांनी चाळणी लावून लावून दोनच गाड्या उरवल्या होत्या. एक राखाडी, लांबट, गुबगुबीत सीटची. दुसरी पांढरी, उंच, डब्यासारखी. पांढरी पेट्रोल चाटूनपुसून वापरणारी आणि स्वस्त, पण बसायला कडक.

"राखाडी," भाऊजींनी त्या रात्री जेवताना निकाल दिला. "बसलं की गादीत बसल्यासारखं वाटतं. तुझ्या अंड्यांना तरी याहून काय हवं?"

"मी बसून काय कळणार?" थोरली म्हणाली. "अंडी बसवून बघू."

"शोरूममध्ये अंडी घेऊन जायची? लोक काय म्हणतील?"

"लोक मला खुडूक म्हणतात. आणखी काय म्हणायचं राहिलंय?"

अशा रीतीने दुसऱ्या दिवशी शोरूमच्या चकचकीत फरशीवर भाऊजी, दोन जावा आणि रोजच्या गिऱ्हाइकाकडून आणलेल्या साध्या अंड्यांचे ट्रे, अशी वरात दाखल झाली. निघायच्या आधी थोरलीने प्रत्येक अंडं उजेडाला धरून बघितलं होतं. सगळ्यांची पोकळी जागेवर. शोरूमवाला ट्रे बघून पुढे आला. त्याने स्वतः वाकून ट्रेला सीटबेल्ट लावला, आणि त्या क्षणापासून थोरली त्याला 'दादा' म्हणू लागली.

रस्ता ठरला: मोठ्या चौकापर्यंत, रेल्वे फाटक ओलांडून, गोदामांच्या मागच्या उखडलेल्या पट्ट्यावरून परत. राखाडी गाडी भाऊजींनी चालवली. मागे थोरली ट्रेशेजारी, सीटवर हाताचा पंजा पालथा ठेवून, डोळे मिटून. भाऊजी रंगात आले होते. पिकअप बघ, वळण बघ, ब्रेक कसा लागतो बघ. फाटकावर शोरूमवाल्याने दाराच्या वरची मूठ धरली.

पांढरीची पाळी आली तेव्हा भाऊजींनी हात झटकले. "या डब्यात मी नाही बसणार. धाकटे, तुझं लायसन्स आहे ना? घे चालवायला."

धाकटीने किल्ली घेतली. तिला गाडी येत होती, पण घरात तिच्या चालवण्याची टिंगलच व्हायची. तिचे यजमान म्हणायचे, ही गाडी चालवते तेव्हा सायकलवाले मागे वळून वाट बघतात. ती गिअर बदलायची ते दार लोटल्यासारखं, झोपलेलं मूल जागं होऊ नये तसं. ब्रेक लांबूनच दाबत यायची. पुढचा खड्डा दिसला की तो येईपर्यंत तिचं मन त्या खड्ड्यात जाऊन आलेलं असायचं. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. आजही थकले. गोदामांच्या पट्ट्यावर एक ट्रॅक्टर तिला ओलांडून गेला आणि शोरूमवाल्याने घड्याळ बघितलं.

घरी येऊन थोरलीने खोली बंद केली, दिवा लावला आणि एकेक अंडं बघायला घेतलं. धाकटी शेजारी उभी. राखाडीतलं पहिलं अंडं दिव्यापुढे कललं आणि त्याच्या आत सावलीची एक कोर हळूच सरकली. दुसऱ्यातही. तिसरं ठीक होतं. अर्ध्याहून जास्त अंड्यांची पोकळी सुटलेली. मग पांढरीचा ट्रे. एक, दुसरं, तिसरं. प्रत्येकात ती गोल पोकळी आपल्या जागी, टोपीसारखी घट्ट. थोरली अंडी फिरवत होती, तिरकी करत होती, पुन्हा पुन्हा बघत होती. पोकळी हलायचं नाव घेत नव्हती.

भाऊजी दारातून डोकावले. "काय निकाल?"

"पांढरी."

"शक्यच नाही. ती गाडी आहे की खलबत्ता? माझं कंबरडं सांगतंय."

"तुमच्या कंबरेत पोकळी नाहीये," थोरली म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं. ती हातातलं अंडं अजून दिव्यापुढे फिरवत होती. पांढरी गाडी कडक होती हे तिच्या पंजालाही कळलं होतं. उबेबाबत हात खोटं बोलतो, हादऱ्याबाबत नाही. मग अंडी उलटं का सांगत होती?

मग तिने मान वर करून धाकटीकडे बघितलं. असं बघितलं की धाकटीला वाटलं, आपल्यालाच दिव्यापुढे धरलंय.

"उद्या परत जायचं," थोरली म्हणाली. "आज एक चूक झाली आपली. गाड्या दोन घेतल्या नि चालवणारेही दोन. उद्या अदलाबदल."

"अगं, तो शोरूमवाला हाकलून देईल," भाऊजी दारातून म्हणाले.

"दादा नाही हाकलणार. त्याने बेल्ट लावलाय."

खरंच त्याने हाकललं नाही. उलट नव्या, तपासून आणलेल्या अंड्यांचे ट्रे बघून तो स्वतःच दार उघडायला धावला, आणि या वेळी मागे थोरलीशेजारी बसून त्यानेही सीटवर पंजा ठेवला. भाऊजींनी तोंड वाकडं करत पांढरी चालवली. धाकटीने राखाडी, तिच्या त्याच चालीने.

त्या संध्याकाळी खोलीत तिघंही होते. पांढरीचा ट्रे आधी. सावल्या सरकल्या, एकामागून एक. राखाडीच्या ट्रेमध्ये एकही पोकळी हलली नाही.

मशीन घूं घूं करत राहिलं. भाऊजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि एक अंडं स्वतः दिव्यापुढे धरून बघितलं.

"म्हणजे जुन्या गाडीच्या स्प्रिंगांना आपण इतकी वर्षं शिव्या घातल्या," ते हळूच म्हणाले.

"आपण नाही. मी घातल्या," थोरली म्हणाली. "तुम्ही बिचारे हो म्हणत होतात."

मग ते मोठ्याने हसले, मनापासून. ते हसले म्हणून धाकटीलाही हसू आलं. मग तिने आपले हात उलटसुलट करून बघितले. तिच्या हातांनी काहीतरी केलं होतं आणि तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. एक इवलीशी हवेची पोकळी, जिच्यात कुणाचा तरी पहिला श्वास साठवलेला, ती या हातांमुळे जागेवर राहिली होती. हॉर्न वाजवणाऱ्या सगळ्या गाड्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या.

गाडी पांढरीच ठरली. दोघींत फरक नाही तर जी कमी पिते ती बरी, एवढा साधा हिशेब. चाचणीच्या अंड्यांची आम्लेटं पुढे कितीतरी दिवस घरात चालली. शेवटी धाकटीच्या यजमानांनी विचारलं, अजून कुठली गाडी बघायची राहिली आहे का, नाही ना?

खरी परीक्षा मात्र पुढेच होती. आजोबांकडून आणायची अंडी ही शेवटची. चुकलं तर पुन्हा करायला काही उरणार नव्हतं.

"ताई, मला नाही जमायचं," धाकटी आदल्या दिवशी म्हणाली. "तेव्हा मला माहीत नव्हतं म्हणून जमलं. आता माहीत आहे. आता हात आखडतील."

थोरली अंड्यांचे रिकामे ट्रे पुसत होती. "माझंही पहिल्यांदा तसंच झालं होतं," ती म्हणाली. "आत जीव आहे म्हटल्यावर अंडं उचलवेना. मग मी अंड्याकडे बघायचं सोडलं. काम बघायचं. उचलायचं, वळवायचं, ठेवायचं. तू रस्ता बघ. अंड्यांकडे बघायला मी आहे."

आजोबा अंगणात खुर्ची टाकून वाट बघत बसले होते. उंच, वाळलेले, काठीवर दोन्ही हात. अंडी त्यांनी भुशाच्या टोपलीत ठेवली होती, लहानशी, गव्हाळ रंगाची. त्यांना ते दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. स्वतः एकेक उचलून, निमुळतं टोक खाली करून ट्रेमध्ये बसवली. कोंबड्या पायांत घुटमळत होत्या. करड्या पिसांवरचे ते पांढरे ठिपके उन्हात असे दिसत होते, जणू कुणीतरी ओल्या बोटांनी चुना शिंपडलाय. धाकटी बघतच राहिली. इतक्या सुंदर कोंबड्या असतात, हे तिला या वयात कळत होतं.

"चालवणार कोण?" आजोबांनी विचारलं.

थोरलीने हनुवटीने धाकटीकडे दाखवलं. आजोबांनी तिला नखशिखान्त न्याहाळलं.

"किती वेळात पोचशील पोरी?"

"वेळ लागेल, आजोबा."

"लागू दे," ते म्हणाले, आणि काठी टेकत फाटक उघडायला स्वतः गेले.

तो रस्ता धाकटीने कसा पार केला, हे तिला नंतर नीट सांगता यायचं नाही. इतकंच आठवायचं की पहिल्या वळणानंतर तिला गाडीचा आवाज ऐकू येईनासा झाला. खडी, खड्डे, पाण्याने कापलेल्या चरी, सगळं एकेक करून समोर यायचं आणि तिला आधीच कळायचं, कुठल्या चाकाला काय लागणार. चाक चरीत उतरायचं ते पाहुणा उंबरा ओलांडतो तसं, बेताने. मागे ट्रॅक्टर आला, टेम्पो आला. तिने बाजूला घेऊन सगळ्यांना जाऊ दिलं. मागच्या सीटवर थोरली डोळे मिटून, पंजा पालथा ठेवून बसली होती. धाकटीला वाटलं, आपण गाडी चालवत नाही आहोत. पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी धरून आपण चालतोय, आणि त्या पाण्यात आभाळ उतरलेलं आहे.

घरी पोचल्यावर थोरलीने उतरून पाठ सरळ केली आणि इतकंच म्हणाली, "तू बस. आजचा चहा तुझ्या नावाचा."

अंडी रात्रभर शांत ठेवली, मग बघितली, मग मशीनमध्ये गेली. एक सोडून सगळ्यांची पोकळी जागेवर. ते एकही आजोबांच्या टोपलीतच सुटलं असावं, असं थोरलीचं ठाम मत. मग वाट बघणं सुरू झालं. भाऊजी रोज विचारायचे, काही झालं का. थोरली म्हणायची, पी हळद आणि हो गोरी असं नसतं हो. धाकटी विचारायची नाही. पण दुपारची झाकपाक झाली की त्या खोलीत जाऊन बसायची. व्यापारी तिकडे कोंबड्या घेऊन गेला, आजोबा लेकीकडे गेले. ठिपक्यांचा सगळा वाण आता त्या कपाटात होता, कवचांच्या आत.

शेवटच्या दिवसांत थोरली मशीनच्या दाराला कुणाला हात लावू देत नसे. आतली ओल उडते, पिल्लू कवचाला चिकटतं. म्हणून त्या सकाळी तिने हाक मारली तेव्हा धाकटी भाजी चिरता चिरता तशीच ओले हात घेऊन धावली. थोरलीने दार बोटभर उघडलं, आत हात घातला, एक अंडं काढलं आणि पटकन दार लावलं. अंड्याला तडाही नव्हता.

"इकडे ये. कान दे."

गरम कवच धाकटीच्या कानाला लागलं. आधी काहीच नाही, फक्त तिच्या स्वतःच्या रक्ताची सळसळ. मग आतून, अगदी जवळून आणि तरी फार लांबून आल्यासारखा, एक आवाज. चिव. थांबून परत, जरा जोराने. बाहेर कुणी आहे का, असं विचारल्यासारखा. पहिला श्वास घेतला होता, आणि तो घ्यायला जागा होती.

धाकटीने डोळे मिटून घेतले. मग जरा वेळाने तिने, का ते कळलं नाही, हलकेच उत्तर दिल्यासारखं 'हं' म्हटलं.

मशीनमध्ये दुसरं कुणीतरी चिवचिवलं. मग तिसरं.

"ऐकलंस ना?" थोरली हात पुढे करून म्हणाली. "आता आण इकडे. गार होतंय ते."